जॉर्जची पाटी

"ही काढा," राजानंद म्हणाला. "आत्ता."

काचेच्या पेटीत त्याने बनवलेली गाडी उभी होती. पुढे वाफेचं इंजिन, मागे स्लीपरचे आठ डबे, शंभर वर्षांपूर्वी शिकागोला जायचे तसे हुबेहूब. चार वर्षांचे रविवार त्यात गेले होते. पेटीखाली पितळी पाटी होती. 'मॉडेल: राज'.

जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या अमेरिकन रेल्वे फेराइनचे, म्हणजे हौशी मंडळाचे, अध्यक्ष चष्मा पुसत राहिले. "पण आपण सगळे राजच म्हणतो."

"तुम्ही म्हणता. माझं नाव राजानंद नारनवरे आहे. सहा वर्षं सांगतोय. दोन वाजता प्रदर्शन उघडायच्या आत ते पाटीवर दिसलं नाही, तर गाडी उचलून घरी नेतो. भाषणही करणार नाही. ऐका, हेर क्रेमर..."

"डॉक्टर क्रेमर," अध्यक्षांनी हळूच सुधारलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," राजानंद म्हणाला. "मीही तेच सांगतोय."

क्रेमर लालबुंद झाले. राजानंद आधीपासूनच होता.

"हान्स!" त्याने हाक मारली.

हॉलच्या टोकाला खुर्च्या मांडणारा हान्स जरा वेळाने वळला. हॉलची देखभाल त्याच्याकडे होती. अंगात नेहमीचा निळा डगला, खिशावर लाल दोऱ्याने शिवलेलं 'हान्स' हे नाव, बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. हाक मारली की तो असाच उशिरा वळे. त्याला कमी ऐकू येत असावं, असं राजानंदने पहिल्याच वर्षी ठरवलं होतं, आणि तेव्हापासून तो त्याला आवाज चढवूनच बोलवी. पण माणूस त्याच्या जिव्हाळ्याचा. दर चौदा एप्रिलला तो न चुकता हान्सला बुंदीचे लाडू देई, डब्यावर स्वतःच्या हाताने 'प्रिय हान्स' लिहून.

हान्सने स्क्रू काढले, पाटी उलटी करून पाहिली. "मागची बाजू कोरी आहे. कोरून देतो. नाव लिहून द्या."

राजानंद त्याच्याकडे बघत राहिला. या हॉलमध्ये सहा वर्षांत हे कुणी म्हणालं नव्हतं. त्याने कागदावर मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं. हान्सने ते दोनदा वाचलं, ओठ हलवत, आणि घडी करून खिशात ठेवलं.

केकच्या टेबलामागे शैला सुरी पुसत होती. "अहो, किती चिडाल? गोळी घेतलीत का?"

"नाव तोडतात माझं."

"मी तर अठ्ठावीस वर्षांत ते घेतलंसुद्धा नाही. माझ्यावर कधी चिडला नाहीत."

"तुझं वेगळं."

"हो का," शैला म्हणाली आणि केक कापू लागली.

राजानंद खिडकीशी उभा राहून भाषण पाठ करू लागला. पाठ होईना, राग मध्ये येत होता. त्याचे आजोबा भुसावळच्या शेडमध्ये होते. फिलाडेल्फियात बनलेल्या इंजिनात त्यांनी आयुष्यभर कोळसा ओतला. त्यांचं नाव भागवत. साहेब 'बॉय' म्हणे, साहेब गेल्यावर आलेला फोरमन 'ए' म्हणे. म्हणून राजानंदच्या बापाने मुलाचं नाव मुद्दाम भारदस्त ठेवलं, कुणाला तोडता येऊ नये असं. जर्मनांनी ते पहिल्याच बैठकीत तोडलं.

पावणेदोनला हान्सने पाटी आणून बसवली. 'राजानंद नारनवरे'. एक अक्षर चुकलं नव्हतं. राजानंदने त्यावरून बोट फिरवलं.

दोन वाजता हॉल भरला. सगळ्यांच्या छातीवर कार्डं होती. तीही राजानंदचीच अट होती: अध्यक्षांपासून झाडणाऱ्यापर्यंत प्रत्येकाने स्वतःचं पूर्ण नाव स्वतःच्या हाताने लिहून लावायचं. क्रेमरनी आपल्या कार्डावर 'डॉक्टर' ठळक केलं होतं.

"या स्लीपरच्या डब्यांत काळे पोर्टर असत," राजानंदने सुरुवात केली. "ते बिछाने घालायचे, बूट पुसायचे. प्रवासी प्रत्येकाला 'जॉर्ज' म्हणायचे. डब्यांच्या कंपनीचा मालक जॉर्ज, म्हणून त्याचे नोकर जॉर्ज. हजारो माणसं, एकच नाव! चांगले, दयाळू प्रवासीसुद्धा तसंच म्हणायचे. बक्षिशी द्यायचे, बायकामुलांची चौकशी करायचे, आणि उतरताना म्हणायचे, थँक यू, जॉर्ज. पुढे डब्यात पोर्टरच्या नावाची पाटी लागली. ती लागेपर्यंत माणसांच्या नोकऱ्या संपल्या, आयुष्यं संपली."

त्याचा आवाज चढला. "विचारायला किती वेळ लागतो हो? तुमचं नाव काय? तीन शब्द. तेवढेही ज्याला जड होतात, त्याने माझ्याशी माणुसकीच्या गप्पा मारू नयेत."

क्रेमर बुटांकडे बघू लागले. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात.

राजानंदने हात वर केला. "या हॉलमध्ये एकाच माणसाने माझं नाव विचारून घेतलं. लिहून घेतलं. हान्स, पुढे ये."

कुणी हललं नाही.

"हान्स!"

मागच्या रांगेतून तो जरा वेळाने उठला. समारंभ म्हणून त्याने डगला काढून ठेवला होता. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता, बाह्या बरोबर मनगटापर्यंत. तो स्टेजवर आला. राजानंदने त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि माइक तोंडाशी धरला.

"आता या माणसाचं पूर्ण नाव सगळ्यांनी ऐका," तो म्हणाला, आणि चष्मा लावून त्याच्या छातीवरच्या कार्डाकडे वाकला.

कार्डावर सुवाच्य अक्षरांत लिहिलं होतं: मिरोस्लाव पेत्रोविच.