शेवटची पंगत

मुकुंदराव सकाळपासून मठ्ठा वाढत होते. भाचीच्या लग्नात मामाने वाढायचं, ही चांगली सबब होती. मंगल कार्यालयातल्या खुर्च्याही आता बसणाऱ्याचं आतडं आतून बघत. गाठ दिसली, की घरच्यांच्या फोनवर लगेच निरोप जाई. एसटी, बँक, देऊळ, सगळीकडे त्याच खुर्च्या आल्या होत्या. वर्षभर मुकुंदराव घराबाहेर कुठेच बसले नव्हते.

पाहुणे जेवून उठले. वाढणाऱ्यांची शेवटची पंगत बसली.

"अहो, बसा आता," शरयूताईंनी नवऱ्यासाठी खुर्ची ओढली.

"कंबर धरलीय. उभाच बरा."

"घरातले कपडे मी धुते," त्या हळूच म्हणाल्या. "रक्ताचे डाग मला दिसत नाहीत होय? आज सांगाल, उद्या सांगाल म्हणून वाट बघतेय. मीही दमले आता."

त्यांनी नवऱ्याच्या हातातलं मठ्ठ्याचं भांडं काढून घेतलं. मुकुंदराव बसले. पाय भरून आले होते.

शरयूताईंच्या पिशवीत फोन वाजला. मुकुंदराव उठू लागले, तसा शरयूताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि भातावर तूप वाढलं.

"अर्ध्या पानावरून उठायचं नाही," त्या म्हणाल्या.