पडद्यावर बाईंचं घर

भूगोलाच्या बाई मोडका हात गळ्यात बांधून वर्गात आल्या. ओठाला टाके, गाल काळानिळा. "जिन्यावरून गडगडत खाली आले रे," म्हणत त्या हसल्या. मग त्यांची नजर शेवटच्या बाकावर गेली. "तुझा डोळा कशानं सुजला गं?"

"मीपण जिन्यावरूनच, बाई."

"जपून उतरावं, बाळ," म्हणून बाईंनी विषय मिटवला आणि पडद्यावर नकाशा लावला. बाण दाबला की गल्लीतून चालल्यासारखं दिसायचं. पोरांना चेवच चढला. दोन-चार जणांची घरं बघून झाली, तसा वर्ग हट्टाला पेटला, "आता तुमचं, बाई!" त्या नको नको म्हणेस्तोवर त्यांच्याच गल्लीत राहणाऱ्या एका आगाऊ पोरीनं ते काढलंसुद्धा. बैठं, एकमजली घर. दारात नवरा उभा. नकाशावाल्यांनी त्याचा चेहरा तेवढा पुसट केलेला.

"अय्या, बाईंच्या घराला जिनाच नाही!" सगळा वर्ग खो खो हसला.



शेवटच्या बाकावरची मात्र उठून उभी राहिली. "आमच्याही घराला नाही, बाई."