नाव घ्यायच्या आधी

आतून भुरीबाईचा आवाज चढला, तसा चुडामणने दाराला कान लावला. गाणं अजून सुरू झालं नव्हतं. आत काहीतरी वाद चालला होता. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून दाराच्या आतल्या बाजूला गाद्या टांगलेल्या, त्यामुळे शब्द धड कळत नव्हते. भुरीबाई काहीतरी मागत होती आणि सुरतेचा दलाल नाही म्हणत होता. मध्येच ‘नाव’ एवढा एकच शब्द स्पष्ट ऐकू आला, मग पुन्हा एकदा ‘नाव’. चुडामणच्या मस्तकात तिडीक गेली. नावासाठीच भांडतेय बाई!

तापीकाठची आगगाडी सुरू होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. त्या गाडीने फोनोवाला गोरा साहेब, सुरतेच्या त्या दलालाला घेऊन, नंदुरबारला उतरला होता. कापसातली सरकी काढायचं एक जिन बंद होतं, त्याच्या खोलीत त्याने आपला कर्णा मांडला होता. कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि सुईने ते गाणं मेणाच्या जाड थाळीवर कोरायचं, असा प्रकार. सुरतेला फोनो ऐकून आलेला मित्र शांतीलाल चुडामणला म्हणाला होता, “गानं सरनं का गानारी आपलं नाव सांगस. मंग ते नाव गावोगाव जास.”

कोरीटचा चुडामण पाटलाच्या घरचा. शेती होती, बैल होते, पण जीव गाणी बांधण्यात. बहिणीला तापीपलीकडे दिली, त्या दिवशी नावेत बसल्या बसल्या त्याला गाणं सुचलं होतं.

‘तापी माय, पानी थोडं उतार व, मन्ही बहीनना पाय नवा शेतस.’

भुरीबाई जत्रेत गाणारी. तिचा गळा असा की विकणारे तराजू हातात धरून ऐकत राहायचे. चुडामण आपण होऊन तिच्या अंगणात गेला होता आणि त्याने ते गाणं तिला शिकवलं होतं. कुणाचं गाणं, कुणी गावं, हे तेव्हा मनातही आलं नव्हतं. पुढे खांडबाऱ्याच्या एका लग्नात तो स्वतः ते गायला बसला. गाणं संपल्यावर एक म्हातारा मायेने म्हणाला, “भुरीबाईनं गानं चांगलं म्हनस रे तू. पन तिन्हा आवाज नही तुले.”

म्हणजे गाणं आता भुरीबाईचं झालं होतं! त्या दिवसापासून चुडामणला नवी ओळ सुचली नाही. नांगर धरला तरी तोच म्हातारा कानाशी बोलायचा. चुडामण जेवताना मध्येच उठायचा. बायको विचारायची, काय झालं, तर तिच्यावरच खेकसायचा.

फोनोवाला आलाय आणि भुरीबाई त्याच्यापुढे तेच गाणं गाणार आहे, असं कळलं तेव्हा शांतीलालने त्याला सरळ सल्ला दिला होता, “जाईसन तिलेच इचार ना. तोंड शे ना तुले?”

“चोरले कोन इचारस?” चुडामण म्हणाला आणि तडक नंदुरबारची वाट धरली.

आता आतला वाद थांबला. कर्ण्यापाशी कुणीतरी टिचकी वाजवली आणि भुरीबाईने सूर लावला.

मधेच दार ढकलायचं, असं ठरवून तो आला होता. पहिलं कडवं झालं. हात दारावर होता, पण ढकलवेना. स्वतःचंच गाणं कसं मोडायचं? दुसऱ्या कडव्यात नाव काठाला लागते आणि बहीण मागे वळून बघते. तिथे भुरीबाईने आवाज असा खाली उतरवला की चुडामणला ओल्या वाळूतली बहिणीची पावलं दिसली. हे आपण बांधलं, हे त्याला खरं वाटेना. डोळे पुसून तो पुन्हा दाराला चिकटला.  एवढं सुंदर गाणं, आणि आता त्याच्यावर कायमचं दुसऱ्याचं नाव कोरलं जाणार!

शेवटची ओळ संपली.  आता भुरीबाई नाव सांगणार, हे त्याला दाराबाहेर कळलं.

त्याने खांद्याने दार धाडकन ढकललं.

“मन्हं गानं शे! कोरीटना चुडामणनं गानं शे!”

टांगलेली गादी निसटून साहेबाच्या पाठीवर पडली. साहेबाचा हात हिसकला. सुई थाळीवरून करकरत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि मेणाचा तुकडा उडाला. साहेबाने थाळी उचलून खिडकीशी धरली, तिरपी करून पाहिली आणि खाली ठेवली.

दलालाने कपाळावर हात मारला. हीच शेवटची थाळी होती, तो ओरडला. उरलेल्या सगळ्या उन्हाने वितळून गेल्या होत्या. आता संध्याकाळच्या गाडीने साहेब सुरत गाठणार, तिथून मुंबई, तिथून आगबोट. या बाजूला तो पुन्हा कशाला मरायला येतो? वर या बाईचा हट्ट! सगळ्या गाणाऱ्या शेवटी आपलं नाव सांगतात, तसं हिला सांगायचं नव्हतं. तेवढ्यासाठी साहेबाला किती विनवावं लागलं होतं!

चुडामणचं तिकडे लक्ष नव्हतं. तो धापा टाकत भुरीबाईकडे बघत होता. ती चिडेल, शिव्या घालेल, मग आपणही मनातलं सगळं ओकू, म्हणून तो वाट बघत होता. ती नुसती उभी होती, कर्ण्यासमोर, तोंड अर्धवट उघडं.

“कोण आहे हा वेडा?” दलालाने तिला विचारलं. “ओळखतेस तू याला?”

भुरीबाईने पदराने तोंड पुसलं.

“जेन्हं नाव मी आते लेनार व्हती ना दादा,” ती म्हणाली, “तो हाऊच शे.”