सुटलेली पाकळी

मुंबईच्या गिरणीतली नोकरी करून कय्युम मोगलाईत परतला, तर थोरल्या जब्बारनं त्याला उंबऱ्यातच अडवलं.

“अब्बांच्या हिमरू शालींची नक्षी तूच गिरणीला विकलीस.”

“अब्बांची कसम भाई, मी नाय.” कय्युमनं अम्मीसाठी आणलेली गिरणीची शाल पुढं केली.

जब्बारनं ती उजेडात उलगडली. बिनचूक काम एकट्या अल्लाचं, म्हणून अब्बा शालीच्या कोपऱ्यातल्या एकाच फुलाची एक पाकळी मुद्दाम विणायची सोडत. मागावर कधी न बसलेल्या कय्युमला हे ठाऊक नव्हतं. या शालीत झाडून सगळ्या फुलांना एक पाकळी कमी होती.

जब्बारनं शाल त्याच्या तोंडावर फेकली.

“अब्बांच्या शालीचा नेमका कोपराच कापून दिलास व्हय?”