पलीकडचं जेवण

“पादचाऱ्यांसाठी चाळीस सेकंद गाड्या थांबवल्या, तर अख्खं शहर तुंबेल, बाई!” सकाळभर परिसंवादात टेबल आपटून हे सांगणारे वाहतूकतज्ज्ञ थोरवे आता दुभाजकावर नगररचनाकार शर्वाणीचा हात घट्ट धरून उभे होते.

परिसंवाद रस्त्याच्या अलीकडे आणि जेवण पलीकडच्या हॉटेलात, ही आयोजकांची करामत. थोरव्यांनी समोर जायलाही गाडी मागवली होती; पण ती वळसा घालून येईपर्यंत जेवण आटोपलं असतं. म्हणून दोघं पायी निघाली, आणि अर्ध्यातच सिग्नल सुटला.

दोन्ही बाजूंनी गाड्या सुसाट. एका बसच्या वाऱ्याने थोरव्यांच्या गळ्यातलं ओळखपत्र उडून कानाला अडकलं. शर्वाणीच्या मनात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तिच्या मागणीची या रस्त्याने केली तेवढी खणखणीत मांडणी तिला स्वतःला दहा वर्षांत जमली नव्हती.

पुढचा सिग्नल लागताच दोघं धूम पळाली. फुटपाथवर पोचल्यावर थोरवे धापा टाकत म्हणाले, “किती सेकंद म्हणत होतात तुम्ही?”

“चाळीस.”

“छे! साठ मागा. आणि त्या मागणीवर माझी सही आत्ताच घ्या. जेवून परत जायचंय अजून!”