सत्तेचाळीस नंबर

चौऱ्याहत्तर साली नवी पेठेतल्या आमच्या बँकेत पैसे काढायचे तर स्लिप द्यायची, मग पितळी बिल्ला मिळायचा. मी नंबर पुकारायचो, बिल्ला घेऊन पैसे द्यायचो.

त्या दिवशी बाकावरची एक म्हातारी सकाळपासून चुळबुळत होती. उठायची, दारातून रस्त्यावर बघायची, पुन्हा येऊन बसायची. माझ्या खिडकीकडे लक्षच नाही. मला राग येत होता. अशानं नंबर ऐकू येणार कसा?

दोन वाजता खिडकी बंद करताना मी तिला हाक मारली. तिने मूठ उघडली. आत दुसऱ्याच कुठल्या तरी बँकेचा बिल्ला!

"ह्यो माजा न्हाय. माजा मी कपाळाला लावला हुता, त्याला इबूत लागलीया. एका भल्या माणसानं स्लिप लिवून दिली. मग नंबर वाचतो म्हणून माजा बिल्ला घेतला, अन् ह्यो दिला."

मी सकाळच्या स्लिपा काढून चाळल्या. साडेअकराला सत्तेचाळीस नंबरवर मी साडेतीनशे रुपये दिले होते. स्लिपवर नाव गुरम्मा, खाली अंगठा, आणि समोर खिशाला पेन लावलेला माणूस. "किती?" विचारल्यावर त्याने आकडा बरोबर सांगितला होता. बोटांना लागलेली राख मी रुमालाला पुसली होती.

"अहो आजी, मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"गर्दीत चुकलं असंल की त्याचं. येईल म्हणून दाराकडं बघतीया. मी निघून गेले, तर त्या बिचाऱ्याचं पैसं अडकतील न्हवं?"