अळणी

अकरा वर्षं सुनेच्या हातचा पहिला घास घेतला की सासूबाई एकच शब्द खर्च करत: "अळणी." पाहुणे असोत, सुनेच्या माहेरचे असोत, त्यात सूट नव्हती.

दवाखान्यातून घरी आल्या त्या दुपारीही त्यांनी घास घेतला आणि म्हणाल्या, "अळणी."

या वेळी सुनेनं तोंड पाडलं नाही. मिठाची बरणीच त्यांच्यापुढे ठेवली. "आई, तुमच्या हाताला अंदाज आहे. तुम्हीच घाला."

त्यांनी चमचाभर घातलं, चाखलं, आणखी घातलं.

"बघ," त्या मुलाला म्हणाल्या, "उशिरा का होईना, हिला अक्कल आली."

सून हसली. डॉक्टरांनी तिला एकटीलाच बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या होत्या: तापानं आईंच्या जिभेची चव कायमची गेलीय, आणि त्यांच्या हृदयाला आता मीठ म्हणजे विष.